तळव्यांचे डोळे

"शी! घरात काहीतरी कुजलंय, घास उतरत नाही माझ्या घशाखाली," पदर नाकाला लावून मथुरा सुनेवर खेकसली. आठवडाभर हेच चाललं होतं. सानिकाने मासळीची टोपली घासली, मोरीत फिनेल ओतलं, तरी सासूला मळमळतच होतं. "मेली घाणेरडी! आयशीने काय शिकवलंन गो तुला?" मथुराने जन्मभर खाडीच्या चिखलात पायाने चाचपून तिसऱ्या शिंपल्या काढल्या होत्या, तिच्या तळव्यांना डोळे आहेत, असं अख्खं भाट्ये गाव म्हणायचं. डॉक्टरांनी शुगरमुळे अनवाणी चालणं बंद केलं, तरी मागच्या सोमवारी ती खाडीत उतरलीच. लादी पुसताना सानिका सासूच्या टाचेशी थबकली. पाय मांडीवर घेऊन तिने रुतलेली शिंपी उपसली. मागून पू आला, अळ्या आल्या. "दुखलं नाही, आई?" मथुराने पाय झटक्यात मागे ओढला, निदान तिला तसं वाटलं. बघते, तर तो अजून सुनेच्या मांडीवरच होता.