वरची आधी

“वरची आधी. शंभर आकडे मोजा, मग खालची. काका, ध्यानात ऱ्हाईल न्हवं?”

नागसेननं तिसऱ्यांदा विचारलं, तसा गणपती शिपाई हसला. “आरं, ह्या कॉलेजात तुला काम मी मिळवून दिलं, आन् तू मलाच शिकीवतोस व्हय?”

खरंच होतं. कोडोलीच्या ह्या पोराला कोल्हापुरात कोणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा गणपतीकाकांनीच प्राचार्यांपुढं शब्द टाकला होता. नागसेन ते विसरला नव्हता.

उद्या चाळीस मुलांची संगणकावर परीक्षा होती. संगणक एकमेकांना जोडणाऱ्या जुन्या स्विचच्या पेटीला चोवीसच वायरी बसत. म्हणून त्यानं त्याच बनावटीचा दुसरा आणला होता. मागून एक जाड केबल जोडली, की दोन्ही पेट्या मिळून एकच यंत्र होणार होतं. पण जी पेटी आधी चालू होईल ती थोरली. दुसरी तिचंच ऐकणार. जुनीत दोन वर्षांत भरलेली सगळी मांडणी, म्हणजे सेटिंग, होती, नवी कोरी. कोरी थोरली झाली तर मांडणी पुसली जाणार आणि परीक्षा बुडणार.

काल संध्याकाळी त्यानं कपाटात जुनी वर ठेवली, नवी खाली. आज सकाळी येऊन वायरी जोडल्या. सफाईच्या शेवंताबाईंनी मधल्या वेळेत दोन्ही पेट्या अशा पुसल्या होत्या, की जुनीवर धुळीचा कणही नव्हता, दोन्ही सारख्याच चकचकीत. “मावशी, लई बरं केलंसा,” तो म्हणाला होता.

आता तो शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसला. “काका, करा चालू!”

पडद्यावर अक्षरं सरकली. एकच नाव, अठ्ठेचाळीस जागा, जुनी मांडणी जशीच्या तशी. नागसेन धावत आला आणि काकांच्या पाया पडला.

“वरची आधी केलीसा, म्हणून वाचलो.”

“वरची?” गणपती चपापला. “खालची केली की आधी. नवी पावणी घरात आलीया. तिला सोडून घरच्याला आधी पाणी दिऊ व्हय?”

नागसेन पळत शेजारच्या खोलीत गेला. पुन्हा पडदा बघून आला. सगळं जागच्या जागी होतं.

दारात झाडू घेऊन उभ्या शेवंताबाईंनी तोंडाला पदर लावला.

“पोरा, रागावू नगंस. काल पुसल्यावर नवी म्याच वर बसवली, जुनी खाली. पावणीला खाली कसं ठिवायचं?”