सीटवरची राख

"आपला वीजसंच बंद झाला, की पहिला हा बंद पडेल!" नगराळेभाऊंनी डोक्यावरच्या पंख्याकडे बोट दाखवलं. कोळशाचं वीजकेंद्र बंद करावं का, यावर जनसुनावणी सुरू होती. सभागृहात टाळ्या कडाडल्या. युनियनचे पुढारी असलेले भाऊ वर्षानुवर्षं हेच वाक्य ऐकवत आले होते. आता तर आमदारांनाही ते पाठ झालं होतं.

टाळ्या थांबल्यावर मागून भाग्यश्री उठली. कंट्रोल रूममधलं काम तिला भाऊंनीच शिकवलं होतं.

"भाऊ, संच आज सकाळी दहालाच थांबवलाय. वरून फोन आला, सौर वीज पुरतेय म्हणून. वाटलं, आता सगळं ठप्प होणार."

सगळ्यांच्या माना वर गेल्या. पंखा फिरतच होता.

भाऊ बाहेर मोटरसायकलपाशी आले. या गावात सीटवरची राख पुसल्याशिवाय कुणी गाडीवर बसत नाही. सुनावणीला निघताना पुसलेल्या सीटवरून त्यांनी सवयीने पुन्हा रुमाल फिरवला, झटकायला हात उचलला, आणि तो तसाच राहिला.

"काय झालं भाऊ? गेटवर चारशे माणसं थांबलीत. काय सांगायचं त्यांना?" एका कामगाराने विचारलं.

भाऊंनी रुमाल त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"सीट पुसली नाही का अजून?"

"पुसली," भाऊ म्हणाले आणि त्यांनी केंद्राच्या चिमणीकडे बोट दाखवलं. तिच्या तोंडावर नुसतं निळं आभाळ होतं.