पोटरीवरची जखम

"पाय पुढे कर, सूनबाई."

"मी तुमची सून नाही."

साइराकुल म्हातारीने साबणाने हात धुतले, उकळून निववलेल्या पाण्याने बेगायिमची पोटरी पुसली आणि नळीतून जरासं मलम काढून पातळ फिरवलं.

म्हातारीच्या मुलाने, तालंतने, बेगायिमला लग्नासाठी बाजारातून गाडीत कोंबून या डोंगरातल्या घरी आणलं होतं. पळताना कुंपणाच्या तारेने तिची पोटरी फाटली होती. आता जखमेत पू झाला होता.

"कधी उभी राहणार ही?" तालंत दारातून खेकसला. "मुल्ला खोळंबलाय."

"सूज उतरू दे. लग्नात नवरी लंगडताना दिसली तर लोक तुलाच हसतील."

तो गेला. पाठोपाठ म्हातारीही गेली आणि बाहेरून कडी लागली. बेगायिमने गोधडीचं टोक ओढून मलम पुसून टाकलं. पाय बरा झाला की निकाह. त्यापेक्षा सडला तरी चालेल.

रोज हेच चाललं. मग लाली गुडघ्याकडे सरकू लागली, अंगात ताप भरला.

"जाड थाप की मलम!" तालंत ओरडला.

"थापून काय होतंय? ताप चढलाय, लाली पसरतेय. हे आता मलमाच्या हातात नाही. शहरातल्या दवाखान्यात न्यायला हवं."

"तिथे ही तोंड उघडेल."

"मी शेजारी बसते ना. उघडू दे, मग बघते."

तालंतने गाडी काढली. घाटभर म्हातारीने बेगायिमचं मनगट सोडलं नाही. दवाखान्यातही ती तिला खेटूनच बसली. बाहेर माणसं येत-जात होती, पण म्हातारीची बोटं बेगायिमच्या मनगटावर आवळलेलीच होती.

"एवढं चिघळेपर्यंत काय करत होतात?" डॉक्टरीणबाई चिडल्या. "मलम लावलं नाही?"

"लावत होते," साइराकुल म्हणाली. "ही पुसून टाकायची."

बेगायिमने डोळे मिटून घेतले.

"आणि तुम्ही पुसू दिलंत?"

"दिलं. पाय बरा झाला असता, तर माझ्या मुलाने हिला घराबाहेर काढलं नसतं." म्हातारीने आवाज खाली आणला. "तो समोर गाडीत बसलाय, बाई. पोलिसांना मागच्या दाराने बोलवा."