कोटाचा आतला खिसा

"वन्सं, त्या कोटाचे खिसे मी झटकते," मी म्हणाले.

"नको वहिनी, तुम्हाला बारीक दिसत नाही," म्हणत नणंदेनं यांचा जुना लोकरी कोट मांडीवर ओढला. अंटार्क्टिकाच्या बोटीवर जाताना कपड्यांत मातीचा कण किंवा कसलंही बी राहता कामा नये, असा नियम होता. हे गेले आणि यांचं बर्फ बघायचं राहून गेलं, म्हणून आम्ही दोघी निघालो होतो आणि कोट मी घालणार होते.

माझ्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी, माहेरी निघताना, याच वन्संनी माझी पिशवी उपसून तपासली होती. चोपन्न वर्षांत मी ते विसरले नव्हते. आता त्या चिमट्यानं एकेक शिवण तपासत होत्या आणि मी त्यांची बोटं. आतल्या खिशातून काहीतरी निघालं. त्यांनी झटकन मूठ पदराआड नेली.

"दाखवा," मी म्हणाले. "आज तपासायची पाळी माझी."

मुठीत चार चिंचोके होते, हाताळून गुळगुळीत झालेले. यांच्या खिशात सतत खुळखुळायचं ते हेच. मला सुटे पैसे वाटायचे.

"लहानपणी मी खेळात हरले की दादा त्याचे मला द्यायचा," त्या खाली बघत म्हणाल्या. "बोटीवर चालणार नाहीत. तुम्ही फेकून द्याल, म्हणून लपवले."

मी त्यातले दोन उचलले.

"परत आलो की खेळू. पण तुम्ही हरलात तर मी माझे देणार नाही हं."