हिला आत सोडायचं नाही

"सापडली," नवीनं वॉकीटॉकीत सांगितलं, पण आजीच्या दंडावरचा हात काही काढला नाही.

"नीट बघ," पलीकडून साहेब म्हणाले. "निळं डेनिमचं जॅकेट, बारीक कापलेले पांढरे केस, हातात काठी."

"जॅकेट आहे, केस आहेत. काठी तर आत्ताच माझ्या पायावर बसली."

"तीच. प्रथमोपचाराच्या तंबूत नेऊन बसव. कार्यक्रम संपेपर्यंत हलू देऊ नकोस. बाकीच्या गेटांना सांगून टाक, शोध बंद करा म्हणावं."

नवी म्हणजे सुरक्षेवरची नवी मुलगी. आज नोकरीचा पहिलाच दिवस, त्यामुळे नाव विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. साहेब म्हणजे या मैदानावर दरवर्षी होणाऱ्या कॉन्सर्टचे आयोजक. आणि साहेबांना एक आई होती, तिच्यापायी ही सगळी धावपळ. मागच्या वर्षी ती स्टेजसमोरच्या कठड्यावर चढून नाचली, पलीकडे पडली, पाय मुरगळून घेतला. त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. यंदा त्याच व्हिडिओतला, लांबून घेतलेला फोटो सगळ्या गेटवाल्यांच्या फोनवर आला होता. खाली एकच ओळ: हिला आत सोडायचं नाही.

तंबूत औषधाचा वास होता, एक घडीची खाट होती आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके. आजी खाटेवर बसली. जॅकेटच्या लांब बाह्या तिनं पुन्हा एकदा वर दुमडल्या.

"धर, अजून घट्ट धर. चोरच सापडलाय ना तुला."

"सॉरी आजी. पण तुमच्या मुलानंच सांगितलंय."

"मुलांचं काय ऐकायचं? त्यांना बोलायला आपणच शिकवलेलं असतं."

नवीला हसू आलं. तिनं ते कसंबसं गिळलं. बाहेर गिटारचा पहिला सूर सुटला, हजारो गळ्यांनी त्याला ओ दिली आणि तंबूचं कापड थरथरलं. आजीचा पाय आपोआप ठेका धरायला लागला.

"तुमच्यासाठी मागे खुर्च्या होत्या की," नवी म्हणाली. "वर छतसुद्धा आहे."

"मागे बसून काय दिसतं? लोकांची डोकी आणि आपलं वय."

"मग घरी टीव्हीवर बघायचं."

"आंघोळ घरच्या बादलीतही होते. म्हणून समुद्रात कुणी जायचंच नाही का?"

"पण म्हणून कठड्यावर चढायचं?"

"चढायला नसतो, तर एवढा मजबूत कशाला करतात?"

आता मात्र नवी फस्सकन हसली. मग पहिल्या दिवसाची आठवण होऊन तिनं टोपी सरळ केली.

आजी दोनदा उठली. एकदा पाय मोकळे करायला, एकदा बाथरूमला. दोन्ही वेळा नवी सावलीसारखी मागे गेली आणि सावलीसारखीच परत घेऊन आली. येताना आजी गर्दीकडे मान वळवून बघायची. पोरं हात वर करून उड्या मारत होती, उतरत्या उन्हात धूळ सोन्यासारखी तरंगत होती. आजीच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की नवीला स्वतःचाच राग यायचा.

"तिथे पुढे उभं राहिलं ना," आजी म्हणाली, "की ड्रम कानात वाजत नाही, बरगड्यांत वाजतो. आपण अजून आहोत, हे आतून कळतं. साठी उलटली की जो तो सांगतो, जपा. गुडघे जपा, साखर जपा, झोप जपा. कशासाठी जपायचं, ते मात्र एकालाही सांगता येत नाही."

नवीच्या स्वतःच्या आजीला तिनंच मागच्या आठवड्यात म्हटलं होतं, तू कुठे येतेस आता.

बाहेर सगळ्यांचं लाडकं गाणं सुरू झालं. म्हणजे हे शेवटचं. पब्लिक नुसतं पेटलं होतं.

नवी उठली. तिनं बाहेर डोकावून पाहिलं आणि तंबूचा पडदा बाजूला धरला.

"जा, आजी. डाव्या हाताच्या वाटेनं गेलात तर थेट कठडा. मी म्हणेन, पाणी आणायला गेले होते, तेवढ्यात निसटल्या."

आजीचा ठेका थांबला. तिनं त्या उघड्या वाटेकडे पाहिलं, मग नवीकडे. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

"नको," ती म्हणाली.

"अहो, एकच गाणं उरलंय."

"आणि तुझी नोकरी? पहिल्याच दिवशी? बस खाली. पडदा तेवढा उघडा ठेव, ऐकू येऊ दे."

संध्याकाळभर हिला आपण बांधून ठेवलं, आणि हिला काळजी आपलीच. नवी आजीशेजारी खाटेवर बसली. दोघींनी मिळून ठेका धरला. खाट करकरत होती, आजी खणखणीत आवाजात गात होती, एकही शब्द न चुकता.

गाणं संपलं. टाळ्यांनी मैदान दणाणलं आणि त्या टाळ्यांतून साहेब बाहेरूनच ओरडत आले.

"आई, किती वेळा सांगायचं तुला? या वयात शोभतं का हे? लोक हसतात, कळतंय का..."

ते आत आले आणि जागच्या जागी थिजले.

"काकू?" त्यांनी आईच्या जॅकेटकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, नवीकडे पाहिलं. "शेजारच्या काकू आहेत या. काकू, आई कुठाय?"

"कठड्यावर असेल," आजी काठी टेकत उठली. "यंदा पकडलं जायची पाळी माझी होती."