आबांचा उजवा हात

हेमांगीने मोबाइलवर निरोप लिहून ठेवला होता, ‘आजचा प्रयोग रद्द.’ फक्त पाठवायचा बाकी होता. आबांनी नुसती ‘थांब’ अशी खूण केली, तरी ती पाठवणार होती.

धुळ्याच्या दवाखान्यात झुलालआबा तीन दिवसांपासून पडून होते. लकव्याने डावी बाजू गेली आणि वाचाही गेली. मुलगी जन्माची बहिरी, आता बापही मुका. देवाने फिटंफाट केली म्हणायची.

तशी दोघांत बोलणी होती कधी? हेमांगी जळगावला बहिऱ्या मुलांना शिकवायची. कोर्टात कोणी बहिरा आला, की त्याच्या खुणांचा अर्थ लिहून द्यायला तिलाच बोलावणं यायचं. उरलेला सगळा जीव नाटकात. पडदा उघडण्याआधी ती प्रेक्षकांनाही चार खुणा शिकवायची : नमस्कार, पाणी, आई आणि टाळी. बहिऱ्यांच्या टाळीला आवाज नसतो.

आबांनी मात्र पारावर चारचौघांत शपथ घेतली होती, की पोरीचे हातवारे बघायला आपण कधी जाणार नाही. लहानपणी ती जवळ गेली, की ते हात झटकायचे. ती खूण तिला शिकवावी लागली नव्हती.

तिने नाटकाचा कागद त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. आज शंभरावा प्रयोग. मग स्वतःकडे बोट केलं, खाटेकडे केलं. थांबू?

आबा कागदाकडे बघत राहिले. त्यांनी उजवा हात कसाबसा वर उचलला आणि पंजा हवेत दोन-तीनदा हलवला. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

“काय म्हणतस वं?” आई कमलबाईंनी हाताने विचारलं.

हेमांगीने दाराकडे बोट दाखवलं. जा म्हणतात.

तिला फार लागलं. शेवटीसुद्धा तेच. निरोप पुसून तिने जळगावची बस धरली आणि प्रयोग केला, चांगला केला. पडदा पडल्यावर मोबाइल उघडला, तेव्हा आबा गेले होते.

दहाव्याच्या आदल्या दिवशी चुडामणनाना दारावर आले. आबांचे जिवाभावाचे सोबती. वहिनी पुनम त्यांचं बोलणं हेमांगीला कागदावर लिहून देत होती.

“पोरी, आते नाटक कव्हय शे? आते मी एकलाच येसू.”

हेमांगीला कळेना. आधी कोणाबरोबर यायचात, तिने लिहून विचारलं.

“तुना आबासंगे. बठ्ठा नाटकं देखात आम्हीन, मांगली रांगमा बसीसनी. शपथ मोडी टाकी त्यानी, म्हनीसन माले सांगे, गावमा बोलू नको.”

हेमांगीने तो कागद दोनदा वाचला. सगळी नाटकं, मागच्या रांगेत बसून. नाना रडता रडता हसले.

“टाळीबी त्यानीच शिकाडी माले.”

पुनमचं लिहून होईपर्यंत त्यांना धीर धरवेना. डाव्या हातात काठी होती, म्हणून त्यांनी एकटा उजवा हात वर उचलला आणि पंजा हवेत दोन-तीनदा हलवला.