बावीस झगे

"तू ओठ तेवढे हलव," मास्तर हळूच म्हणाले. "आवाज काढू नकोस. आणि हे आपल्या दोघांतच राहू दे."

शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून त्याने नुसती मान डोलावली. चर्चच्या गायनवृंदाचे बावीस झगे त्यानेच शिवले होते, मास्तरांचा हा तेविसावा. त्या बाविसांतला एक त्याच्या स्वतःच्या मापाचा होता. महिनाभर शिंपी नुसता हवेत होता.

टाचण्या काढून त्याने विचारलं, "इतका वाईट आहे का हो माझा आवाज?"

"वाईट नाही रे. पण रविवारी बिशपसाहेब येतायत. देवापुढे उत्तम तेच ठेवावं. तुझी देणगी हातात आहे, गळ्यात नाही."

शिंप्याला वाईट वाटलं, पण पटलंही. सरावाला उभं राहिलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. मास्तर आधी जातीने स्पीकरचं बटण दाबत, मग हात वर करत, आणि सगळं चर्च सुरांनी भरून जाई. शेजारचा बेकरीवाला एरवी घोगरा बोलायचा, पण गाताना काय सूर लागायचा. दुसऱ्या कडव्यात बायका दर वेळी नेमक्या एकाच जागी श्वास घेत. याला म्हणतात तयारी, असं शिंपी घरी कौतुकाने सांगायचा. अशा माणसांत आपला फाटका आवाज कशाला?

घोडं अडलं ते आईपाशी.

"पहिल्या बाकावर बसणार मी," ती म्हणाली. "डोळ्यांना दिसत नाही, पण बावीस जणांतून तुझा आवाज ओळखीन."

"सगळे एकदम गातात गं. कसा ओळखशील?"

"पाळण्यातून भोकाड पसरायचास तेव्हापासून ऐकतेय. मला नको शिकवूस."

शनिवारभर शिंप्याला काही सुचेना. इकडे आड, तिकडे विहीर. रविवारी सकाळी झग्याच्या गुंड्या लावताना त्याचं ठरलं. एकच ओळ गायची, पहिली. एवढ्या गलबल्यात आपला आवाज कुणाला कळतोय? आईला कळलाच, तर सोन्याहून पिवळं.

चर्च खच्चून भरलं होतं. खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं. बिशपसाहेब वेदीजवळ, आई पहिल्या बाकावर. खरं सांगायचं तर इतका आनंद शिंप्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

मास्तरांनी बटण दाबलं, वळले, हात वर केला. शिंप्याने डोळे मिटून छाती भरून घेतली. त्याच क्षणी डोक्यावरचे पंखे घरघरत थांबले, पण त्याचं कुठे लक्ष होतं? त्याने गळा मोकळा सोडला.

ओळ संपली तेव्हा त्याने डोळे उघडले. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. शिंप्याने शेजारी पाहिलं. बेकरीवाल्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. त्याच्या पलीकडे नर्सबाईंचंही. एकवीस तोंडं अगदी तालात हलत होती, आणि एकातूनही आवाज येत नव्हता.

पहिल्या बाकावर आई शेजारणीला म्हणाली, "सांगितलं होतं ना? बावीस जणांतून ओळखला."